लक्झेंबर्गची सही

आमचे सर युरोपात कधी गेले नाहीत. भिलाईहून पश्चिमेकडे त्यांची धाव नागपूरपर्यंत, तीही लग्नकार्यापुरती. तरी युरोपातल्या देशांनी मिळून केलेल्या त्या संघाबद्दल ते असे बोलायचे, जसं कोणी आपल्या भावकीबद्दल बोलतं: अभिमानही आणि चीडही. बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात तो विषय जेमतेम चार-पाच पानांचा. दुसऱ्या तुकडीचे मास्तर तो दोन तासांत उरकून टाकायचे. सरांना दीड महिना लागायचा, आणि तरी आपण घाई केली असं त्यांना वाटायचं.

शाळा सेक्टरमधली, म्हणजे भिलाईच्या पोलाद प्लांटच्या वसाहतीतली, हिंदी माध्यमाची. वर्गात सर हिंदीतच शिकवत, पण राग आला की त्यांचं भंडाऱ्याकडचं मराठी बाहेर पडायचं. मग आम्हा चार-पाच मराठी पोरांना कळायचं की आता खरं बोलणं सुरू झालं. राग नेहमी एकाच प्रश्नावर येऊन थांबायचा. "विचारलं काय?" परीक्षेचं वेळापत्रक बदललं, विचारलं काय? मैदानात स्टेज बांधला, पोरांचं खेळणं बंद झालं, विचारलं काय? आम्ही पोरं त्यांना मागे "विचारलंकाय सर" म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

भिलाईतल्याच रिसाली भागातल्या त्यांच्या घरात भाजीलाही मतदान व्हायचं. मतदार दोनच, सर आणि काकू. वांगी की भेंडी, यावर एकेक मत पडलं की प्रकरण अडायचं. काकू म्हणायच्या, "याइले बायको नाही पाह्यजे होती, विरोधी पक्ष पाह्यजे होता." आणि उठून वांगी चिरायला घ्यायच्या. सर मग माझ्याकडे बघून हसत म्हणायचे, "पाह्य, हे असं असते. मतदान झालं, पण चाकू ज्याच्या हातात त्याचंच खरं."

अंगणात मुनग्याचं झाड लावायचं होतं तेव्हा ते तिन्ही शेजाऱ्यांना विचारायला गेले. मुनगा म्हणजे शेवगा. दोघे हो म्हणाले. तिसरा रिटायर झालेला क्रेन ऑपरेटर, तो म्हणाला सुरवंट येतात. झालं. ते रोप पुढची तीन वर्षं तेलाच्या डब्यात वाढलं. क्रेन ऑपरेटर घर विकून मुलाकडे बिलासपूरला गेला तेव्हा सर नव्या मालकाकडे गेले. तो म्हणाला, "अंकल, आपका आँगन है, मुझसे क्यों पूछ रहे हो?" सर घरी येऊन रोप लावता लावता काकूंना म्हणाले, "याच्यापेक्षा पह्यला बरा होता. कमीत कमी नाही तं म्हणे."

वर्गात त्यांनी बाकांचे देश केले होते. पुढचे दोन बाक जर्मनी आणि फ्रान्स, कारण तिथे हुशार मुलं बसायची आणि तीच जास्त बोलायची. खिडकीजवळचा तुटक्या पायाचा छोटा बाक लक्झेंबर्ग. त्यावर मी एकटा. आम्ही आमची संसद निवडली, आणि मग सरांनी विचारलं, "संसद तो लोगों ने चुनी. लेकिन कानून का मसौदा कौन लाता है? जो लाता है, उसको लोगों ने सीधे चुना क्या?" पुस्तकात बघितलं तर ते काम नेमलेल्या आयोगाचं निघालं. "यही तो रोना है," सर म्हणाले. तिकडे मतदानाला निम्मे लोकसुद्धा येत नाहीत असं एखाद्या वर्षी वाचलं की त्यांचा चेहरा पडायचा. पोरं हसायची, की सर, तुम्हाला काय त्याचं? ते म्हणायचे, "दोष लोकांचा नाही बाबू. जे दार हालतच नाही, ते माणूस किती वेळा ढकलून पाहीन?"

एकदा सहल कुठे न्यायची यावर या युरोपाचं मतदान झालं. मी त्या दिवशी तापाने घरी होतो. मॉनिटर म्हणाला, "सर, उसका हाँ लिख देते हैं, वो तो मान ही जाएगा." सर भडकले. "मान जाएगा? त्याले विचारलं काय?" त्यांनी मतपेटी, म्हणजे बुटाचा खोका, दोरीने बांधला आणि कपाटात ठेवला. मी चौथ्या दिवशी शाळेत गेलो तेव्हा तो माझ्यासमोर सोडला, आणि मी सही करून माझी चिठ्ठी टाकली. माझ्या एका मताने काही फरक पडणार नव्हता, निकाल आधीच स्पष्ट होता. पण एका लक्झेंबर्गसाठी अख्खा युरोप चार दिवस थांबला होता. माझ्यासाठी तोवर कोणी, कधी, कशाला थांबलं नव्हतं. वडील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, शिफ्ट करायचे, घरात आम्ही पाच भावंडं, पोरांना विचारायला कोणाला वेळ होता? तेव्हापासून सर मला लक्झेंबर्गच म्हणू लागले. मी प्लांटमध्ये लागलो, लग्न झालं, तरी तेच.

त्याच सुमाराला युरोपच्या संघात एक नवी सोय झाली होती. निदान सात देशांतल्या दहा लाख लोकांनी मिळून सही केली की तिथल्या वरच्या साहेबांना त्या अर्जाचा विचार करावा लागतो आणि उत्तर द्यावं लागतं. मागणी मान्य केलीच पाहिजे असं मात्र नाही. सरांनी ते पेपरातलं कात्रण वहीत चिकटवलं होतं. फ्रान्सच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मानना जरूरी नहीं है तो फायदा क्या?" सरांनी कात्रण पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "फायदा ये कि उसको पढ़ना पड़ेगा." मुलीला ते पटलं नाही. मलाही तेव्हा पटलं नव्हतं.

रिसालीत आमच्या विदर्भातल्या लोकांची साठेक घरं आहेत. कोणी प्लांटमधलं, कोणी रेल्वेतलं. त्यांचं एक बुद्धविहार आहे आणि विहाराच्या मागे एक खोली. रिटायर झाल्यावर सरांनी त्या खोलीचं वाचनालय केलं. दोन लांब टेबलं, ट्यूबलाइट, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, एक दिवस उशिरा येणारा नागपूरचा पेपर. दोन खोल्यांच्या घरात जिथे टीव्ही, सासू, पाहुणे सगळे एकत्र, तिथे मुलींना अभ्यासाला जागा नव्हती. त्या इथे यायच्या. माझी धाकटी बहीण तिथेच अभ्यास करून रेल्वेत लागली. सर दारात स्टुलावर बसायचे आणि कोणी मोठ्याने बोललं की फक्त बोट ओठावर ठेवायचे. वर्गातला तो गरजणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडायचा.

दोन राज्यांतल्या अशा विहारांचा मिळून एक महासंघ आहे. आमचं विहार त्यात सामील व्हावं म्हणून सगळ्यात जास्त धडपड सरांनीच केली होती. "एकट्या विहाराले कोण विचारते? साऱ्याइनं मिळून बोललं तं आवाज जाते," असं ते घरोघरी सांगत फिरले. सामील झाल्यावर कळलं की महासंघात प्रत्येक विहाराचा सचिव बसतो. आमचे सचिव रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब. अत्यंत सज्जन माणूस. त्यांना कोणी निवडलं नव्हतं, पण ते काम दुसऱ्या कोणालाही नको होतं.

गार्डसाहेबांची एक पद्धत होती, आणि आम्हा सगळ्यांना ती सोयीची होती. रविवारी वंदनेनंतर बैठक व्हायची. बैठकीला माणसं सात-आठ. मग गार्डसाहेब रजिस्टर पिशवीत घालून आठवडाभर घरोघर जायचे आणि उरलेल्यांच्या सह्या घ्यायचे. "लोकाइले कावून तरास द्यायचा? ड्युटीवाले लोक आहेत," असं ते मनापासून म्हणायचे. भर उन्हात चालत यायचे, घामाघूम. त्यांना पाणी द्यायचं, सही करायची. ठराव वाचणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. फक्त सरच असे, की बैठकीला हजर असले तरच सही करायचे, आणि नसले की "गैरहजर" असं स्वतःच्या हाताने लिहायचे. लोक त्याला सरांचा विक्षिप्तपणा म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात सर आणि काकू महिनाभर मुलीकडे गोंदियाला होते. गार्डसाहेब माझ्याकडे आले तेव्हा मी सेकंड शिफ्टला निघालो होतो. हेल्मेट डोक्यावर, स्कूटर चालू. रजिस्टर सीटवर ठेवलं, त्यांनी बोटाने जागा दाखवली, मी सही केली. पाच ठराव होते, हे मला नंतर कळलं. बोअरवेल, पत्रे, चौदा एप्रिलचा मंडप, आणखी एक काहीतरी. पाचवा असा, की मागची खोली महासंघाच्या जिल्हा कार्यालयासाठी द्यावी आणि पुस्तकं दुसऱ्या गावच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवावीत. मी पाच मिनिटांत ते विसरलोही. विसरण्यासारखं काही वाचलंच नव्हतं.

खोली मोजायला माणसं आली तेव्हा सरांना कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. हाताने एक पानाचा अर्ज लिहिला: हा ठराव परत बैठकीत ठेवावा, सगळ्यांना बोलावून, वाचून, मग मत घ्यावं. आणि ते सह्या घ्यायला निघाले. पण सरांची सही घेण्याची तऱ्हा गार्डसाहेबांसारखी नव्हती. ते घरात बसायचे, टीव्ही बंद करायला लावायचे, अख्खा अर्ज मोठ्याने वाचायचे. मग म्हणायचे, "आता मले एक प्रश्न विचारा. काहीही विचारा. बिनाप्रश्नाची सही मी घेत नाही." एका म्हातारीने विचारलं, की खोली गेली तर तिथला पंखा कुठे जाईल? सरांनी त्याचंही उत्तर दिलं. "नाही म्हटलं तरी चालते," हे वाक्य ते शेवटी प्रत्येक घरी म्हणायचे, आणि बऱ्याच घरांनी त्यांचं ऐकून नाही म्हटलं. गार्डसाहेबांच्या तोंडावर केलेली सही आता मोडायची कशी? तीन आठवड्यांत एकोणीस सह्या झाल्या.

माझ्या घरी ते आले नाहीत. मीही गेलो नाही. सर फिरताहेत हे मला माहीत होतं. माझ्या मनात होतं की आले की करू, आपण तर त्यांचेच. आज मला त्या "आपण तर त्यांचेच"ची लाज वाटते. तेव्हा ते अगदी बरोबर वाटत होतं.

मग एका रविवारी महासंघाचे प्रतिनिधी आले. सफारी घातलेले, मृदू बोलणारे. विहारात चाळीसेक माणसं जमली होती, अशी गर्दी एरवी फक्त चौदा एप्रिलला असते. मुलीही आल्या होत्या, भिंतीला टेकून उभ्या. सरांनी अर्ज वाचला. मग म्हणाले, "संघाच्या मी विरोधात नाही. संघ मीच आणला. पण वरचा ठराव खालून गेला पाह्यजे. या मुलीइले विचारलं काय?"

प्रतिनिधींनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "सर, आपला आदर आहे. आपल्याकडे एकोणीस सह्या आहेत. इथं एक्कावन्न आहेत. आणि आपण म्हणता लोकांना विचारलं नाही." त्यांनी बोट खाली सरकवत नेलं, थांबले. "हे तर आपलेच विद्यार्थी ना? आपण ज्याला लक्झेंबर्ग म्हणता, असं आत्ताच कोणी सांगितलं. ह्यांचीही सही आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तिसऱ्या ओळीत सतरंजीवर बसलो होतो. सर रजिस्टरपाशी गेले, चष्मा वर केला आणि वाकून माझी सही बघितली. माझी सही ते ओळखायचे, त्या बुटाच्या खोक्यापासून.

मला उठायचं होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, की मी वाचलं नव्हतं, माझी सही काढा. एका वाक्याचं काम. कदाचित माझ्यामागे आणखी पाच-दहा जण उठले असते, त्यांनी तरी कुठे वाचलं होतं? पण गार्डसाहेब समोर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. चाळीस माणसांसमोर आपण न वाचता सही करणारा सुशिक्षित मूर्ख आहोत हे सांगणं मला जमलं नाही. मी सतरंजीची दशी ओढत बसलो.

सर सरळ झाले. म्हणाले, "याची चूक नाही. मी याले विचारलंच नाही. हा आपलाच आहे असं धरून चाललो." मग प्रतिनिधींना म्हणाले, "जे तुम्ही एक्कावन्न घरी केलं, ते मी एका घरी केलं." आणि जाऊन आपल्या जागेवर बसले.  बैठक अर्ध्या तासात संपली.

महासंघाचं पत्र महिन्याने आलं. आपला अर्ज प्राप्त झाला, त्याची नोंद घेण्यात आली आहे. दोन ओळी. सरांनी ते मला दाखवलं नाही, काकूंनी दाखवलं. "उत्तर तं आलं म्हणे," काकू म्हणाल्या, "आणि लागले कात्रणाची वही शोधायले." पुस्तकं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून टेम्पोतून गेली. खोलीला नवी पाटी लागली आणि कुलूप. कार्यालय महिन्यातून एकदा उघडतं. अभ्यासाला येणाऱ्या मुलींपैकी एक-दोघी वैशाली नगरला फी भरून एका अभ्यासिकेत बसायला जाऊ लागल्या. बाकीच्या घरी बसल्या. एकीचं त्याच वर्षी लग्न झालं.

सर काही दिवस त्या बंद दारापुढे पायरीवर येऊन बसत. मग तेही थांबलं. मला रस्त्यात भेटले की पूर्वीसारखेच "काय लक्झेंबर्ग, ड्युटी काय?" म्हणायचे. त्या रविवारचा विषय त्यांनी कधी काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागायला तीनदा त्यांच्या घरी गेलो आणि तीनदा मुनग्याच्या शेंगा घेऊन परत आलो.

दोन वर्षांनी त्यांची छाती कफाने भरली. सेक्टरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, नाकाला नळी. काकूंचा फोन आला, की येऊन जा. मी फर्स्ट शिफ्ट करून तसाच बूट घालून गेलो.

"सकाळपासून तुहीच वाट पाहून राह्यले," काकू म्हणाल्या आणि उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढून सरांच्या हातात दिली. आत तोच अर्ज होता. घड्यांवर विरलेला, खाली एकोणीस सह्या.

"बस," सर म्हणाले. "तुले विचारायचं राह्यलं."

"सर, आता ते..."

"बस न बे."

मी स्टुलावर बसलो. त्यांनी अर्ज डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागले. मोठ्याने वाचणं त्यांना होत नव्हतं. तीन शब्द, मग श्वास, मग तीन शब्द. मध्ये नर्स आली, त्यांनी बोट ओठावर ठेवलं. खोली, पुस्तकं, मुली, बैठक. ज्यातलं आता काहीच उरलं नव्हतं ते सगळं त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. दहा मिनिटं लागली असतील. मी रडत होतो आणि ते वाचत होते.

"आता प्रश्न विचार."

मी डोळे पुसले. म्हणालो, "सर, तुम्ही तेव्हा माझ्याकडे का नाही आले?"

"हेच तं सांगून राह्यलो," ते म्हणाले. "धरून चाललो. माणसाले धरून नाही चालायचं, विचारायचं." मग नेहमीचं वाक्य. "सही करशीन काय? नाही म्हटलं तरी चालते."

मी पेन घेतलं. वरच्या एकोणीस सह्यांपुढे तारखा होत्या, सगळ्या दोन वर्षांपूर्वीच्या, त्या रविवारच्या आधीच्या. मी सही केली आणि त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "सर, तारीख तेव्हाचीच टाकतो. सगळ्यांच्या बरोबरची."

सरांनी माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, तरी पेन थांबलं.

"नाही," ते म्हणाले. "तुले मी आज विचारलं. आजची टाक."

मी आजची तारीख टाकली.